बॉनेट उघडलं की गाडी शहाणी

गाडीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये! हे मी माहेरी, सासरी, ऑफिसात आणि आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितलंय, की आता कोणी येतही नाही. आमच्या घरात पोळ्या लाटणं आणि देवांना आंघोळ घालणं ही कामं माझा नवरा चंदन करतो, आणि बॉनेट उघडणं हे काम माझं. चंदनला गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला गेला होता. पहिल्याच दिवशी शिकवणारे मास्तर गाडीतून उतरून चालत घरी गेले.

मला हे वेड पप्पांनी लावलं. गिरगावात आमची एक स्कूटर होती. ती सकाळी सुरू व्हायची नाही. मग पप्पा तिला आधी आडवी करायचे, मग उभी करायचे, मग तिच्याशी दोन प्रेमाचे शब्द बोलायचे आणि मग किक मारायचे. तरीही नाही ऐकलं, की प्लग काढायचा. टॉर्च धरायला मी! "बघ क्षितू," पप्पा सांगायचे, "प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा निघाला तर कमी जातंय. आणि चहाच्या रंगाचा निघाला तर गाडी सुखात आहे असं समज." मग पॉलिश पेपरनं तो घासायचा, फुंकर मारायची आणि जागेवर बसवायचा. शाळेत जायला उशीर व्हायचा, गणवेशाला पेट्रोलचा वास यायचा, बाई ओरडायच्या. अजून कुठे पेट्रोलचा वास आला की मला पप्पांचे काळे झालेले हात दिसतात. काय दिवस होते हो!

आता प्लग काढून रंग बघत बसावं लागत नाही. इंजिनातून धूर बाहेर जातो त्या पाइपात बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो हुंगतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो, की बाबा रे, पेट्रोल जास्त होतंय, हात आखडता घे. म्हणजे आमच्या पप्पांचंच काम, फक्त न बोलता.

तर त्या सोमवारी ऑफिसातून येताना आमच्या गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं ना, तो.

एरवी मी शीळ घालत घरी आले असते. पण या वेळी गाडी कडेला घेऊन दिव्याकडे बघत बसले. कारण गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, आणि आमच्या घरात तिच्यावरून महाभारत चाललं होतं. पुन्हा नोंदणी करून गाडी ठेवायची, हे माझं मत. विकून टाकायची, हे चंदनचं.

"अगं, भावनेवर गाडी चालत नाही, पेट्रोलवर चालते," तो म्हणायचा. "कुठे जायचं असेल तर मोबाइलवरून गाडी बोलवू. जुन्या गाड्या घेणारा तो माणूस रोज फोन करतोय. घेऊन जाऊ दे त्याला."

आता तुम्हीच सांगा, ही काय नुसती गाडी आहे? परळची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो ते हिच्यातूनच. सामान टेम्पोत गेलं, पण माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, तुळशीची कुंडी टेम्पोवाल्याला द्यायला साफ नकार दिला. ती मांडीवर घेऊन ते पुढच्या सीटवर बसले आणि पूर्ण रस्ताभर गाडीचा ब्रेक आपल्या पायानं दाबत आले. त्यांच्या बाजूच्या पायपुसण्याला अजून भोक आहे. आमची इशिता हिच्यातूनच पहिल्यांदा बालवाडीत गेली आणि पुढे हिच्यातच, घोडबंदरच्या प्रत्येक वळणावर, ओकली. आता ती पुण्यात शिकते आणि फोनवर "मम्मा, इमोशनल होऊ नकोस, ती मशीन आहे" असं सांगते. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी पण गेली तर मी रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' कोणाला म्हणू?

शेवटी तह झाला. गाडी पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, पास झाली तर राहील. नापास झाली तर तो माणूस येऊन घेऊन जाईल. आणि नेमका त्याच आठवड्यात हा दिवा!

मी घाबरले नाही. माझ्याकडे एक छोटा स्कॅनर आहे. स्टिअरिंगच्या खाली लावायचा, की गाडीचं सगळं दुखणं मोबाइलवर दिसतं. लावला. मोबाइलनं सांगितलं: पुढचा ऑक्सिजन सेन्सर काही बोलत नाहीये. ग्राफ बघितला. चांगल्या सेन्सरचा ग्राफ सारखा वर-खाली नाचतो. आमचा सरळ रेघ मारून पडला होता.

"उद्या सकाळी बॉनेट उघडते," मी जेवताना जाहीर केलं. "सेन्सरची वायर बघते, पाइप कुठे गळतोय का बघते. तासाभरात निकाल!"

"उद्या सकाळी? किती वाजता गं?" सासूबाईंनी विचारलं.

माझ्या सासूबाई अनसूयाबाई. मी त्यांना आई म्हणते. त्यांना माझ्या गाडीच्या कामात कधी रस नव्हता, म्हणून मला फार बरं वाटलं.

"सातला, आई."

"बरं. मग मी लवकरच खाली जाऊन फुलं घेऊन येते. देवाला नकोत का?"

सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर, फडकं आणि मोबाइल घेऊन खाली उतरले. आई वर येत होत्या. हातात दोन जास्वंदी आणि एक बऱ्यापैकी जड दिसणारी पिशवी. मी बॉनेट उघडलं. सेन्सर तर वरूनच दिसतो. वायर जागेवर, प्लग घट्ट बसलेला, सगळं स्वच्छ. इंजिन सुरू केलं. आणि काय सांगू! ग्राफ नाचायला लागला! वर-खाली, वर-खाली, एकदम ठणठणीत. मी स्कॅनरवरून दिवा विझवला, बॉनेटवर थाप मारली आणि विजयी मुद्रेनं वर गेले.

"काय झालं होतं?" चंदननं विचारलं.

"काही नाही. माझा हात लागायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा परत लागला. ग्राफ आडवा!

मी पुन्हा जाहीर केलं, की उद्या सकाळी बघते. आई पुन्हा फुलं आणायला गेल्या. मी पुन्हा बॉनेट उघडलं, आणि गाडी पुन्हा शहाणी! मी वायर हलवून बघितली, ओढून बघितली, इंजिन गरम करून बघितलं. सेन्सर अगदी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा उत्तरं देत होता. बॉनेट बंद करून ऑफिसला गेले, तोपर्यंत ठीक. त्याच्या पुढच्या दिवशी सेन्सर परत मेला!

दरम्यान आणखी दोन विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. एक म्हणजे मांजरं. आमच्या सोसायटीत भरपूर मांजरं आहेत, पण ती सगळी आमच्याच बॉनेटवर येऊन बसायला लागली.

"मॅडम, ये बिल्ली लोग आपकी ही गाडी पे क्यूँ बैठता है?" वॉचमननं विचारलं.

"इंजिन गरम रहता है ना, इसलिए," मी त्याला शास्त्र समजावलं.

"गरम तो सबका रहता है."

माणसाला नसत्या शंका फार असतात, दुसरं काय!

दुसरी गोष्ट म्हणजे वास. एसी लावला की गाडीत एक खारट, उबदार, ओळखीचा वास यायचा. कसला ते काही सांगता येईना. मी चंदनला म्हटलं, "बघ, मिश्रण बिघडलंय. सेन्सर चुकीचं सांगतोय, म्हणून पेट्रोल जास्त जातंय. वासावरून कळतं." चंदन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला का कोण जाणे, या गाडीत बसलं की हल्ली फार भूक लागते." आणि मग सोसायटीचं फाटक येईपर्यंत परळच्या आठवणी काढत बसला. गॅलरी, स्टोव्ह, रविवारची दुपार, बाबांचा गंजीफ्रॉक. गाडी विकायला निघालेला माणूस गाडीत बसला की इतका हळवा का होतो, हे मला कळायला हवं होतं. पण मी ग्राफ बघत होते.

शेवटी, आदल्या रात्री घरात जाहीर करून, गाडी नया नगरला रोशनच्या गॅरेजमध्ये नेली. रोशन आमच्या गाडीला तिच्या तरुणपणापासून ओळखतो. त्यानं बॉनेट उघडलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "मॅडम, सेन्सर गेला. बदलून टाका."

"अरे, पण आता तर ग्राफ नाचतोय! हे बघ."

"मरायच्या आधी नाचतो तो. लास्ट टाइम."

"असं कधी असतं का?"

"मॅडम, मी रोज बघतोय. दिव्याची वात विझायच्या आधी कशी मोठी होते? तसंच."

इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं बोलणारा माणूस मी माझ्याशिवाय दुसरा बघितला नव्हता. त्यामुळे मला तो पटला. नवा सेन्सर मागवला. जुना पाइपात असा घट्ट बसलेला, की रोशन, मी आणि शेजारच्या दुकानातला चहावाला, तिघं पाना धरून लोंबकळलो तेव्हा कुठे तो फिरला. नवा बसला. दिवा विझला.

आणि विझलेलाच राहिला! एक दिवस, दोन दिवस, आख्खा आठवडा! मांजरं पांगली, वास गेला. मी सोसायटीच्या ग्रुपवर 'ऑक्सिजन सेन्सरचं निदान: माझा अनुभव' असा लांबलचक लेख टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नेशभाईंनी "बेन, सुपर्ब!" असं लिहिलं. घरात मी जरा मान वर करून चालत होते. एकट्या आईच काय त्या उदास दिसत होत्या.

"आई, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे गं. संपलं, दुसरं काय."

"काय संपलं?"

"मे महिना," आई म्हणाल्या. "मे महिना संपत आला, म्हटलं."

मे महिना म्हणजे आमच्याकडे पूर्वी आगोटीची धांदल असायची. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून त्याच्या आधी सुकी मासळी भरून ठेवायची. बोंबील, करंदी, सोडे, जवळा. परळला आई ते सगळं गॅलरीत ऊन दाखवून डब्यांत भरायच्या. भाईंदरला आल्यावरही त्यांनी ते चालू ठेवलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात डब्यातल्या बोंबलांना अळ्या झाल्या आणि त्या माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये निघाल्या. तेव्हा मी कायदाच केला: या घरात सुक्या मासळीचा साठा होणार नाही! आईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं असेल.

"आपण रविवारी तारोडीला जाऊन येऊया का?" आई म्हणाल्या. "मॅबेल किती दिवस बोलावतेय."

मॅबेल म्हणजे आईंची जुनी मैत्रीण. पूर्वी ती उत्तनजवळच्या तारोडीहून मासळीची टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगखाली यायची. भावावरून भांडता भांडता दोघींची गट्टी जमली. मला कल्पना आवडली. दुरुस्तीनंतर गाडीची एक लांबची चाचणी व्हायला हवीच होती.

"जाऊया," मी म्हटलं, "पण आई, फक्त भेट! सुकं काही आणायचं नाही."

"घरात काही म्हणजे काही आणणार नाही," आई म्हणाल्या. आता आठवतं तेव्हा कळतं, की त्या एक शब्दही खोटा बोलल्या नव्हत्या.

रविवारी आम्ही तिघं निघालो. रस्ताभर मोबाइलवर ग्राफ नाचत होता आणि मी त्याचं धावतं वर्णन करत होते. तारोडीला मॅबेलच्या अंगणात, समोर, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. रांगाच्या रांगा, तोंडं एकमेकांत अडकवून. समुद्रावरून वारा येत होता. चंदन त्यांच्याकडे इतका वेळ बघत उभा राहिला, की मॅबेलनं त्याला खुर्ची आणून दिली.

"बस रं बाबा, उभा कशाला हाय? आनि क्षितिजा, तू जेवल्याबिगर जायचा न्हाय हां!"

जेवणावर आडवा हात मारला. मी दुसऱ्यांदा भात घेत होते तेव्हा आई उठल्या.

"चावी दे गं. मला उकडतंय. मी एसी लावून गाडीत बसते."

"अगो, बस ना अनसूयाबाय," मॅबेल मोठ्यानं म्हणाली आणि लगेच आईंच्या मागोमाग निघाली. "चल, मी सोडतंय तुला गाडीपर्यंत."

गाडी पंधरा पावलांवर होती. दोघींना परत यायला माझा भात, कढी आणि एक डुलकी एवढा वेळ लागला. म्हाताऱ्या मैत्रिणींना बोलायचं असतं, असं मला वाटलं.

परत निघालो. आणि भाईंदरची वस्ती लागली तोच दिवा लागला!

पिवळा! इंजिनाचं चित्र! ग्राफ आडवा!

चंदननं दिवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"क्षितिजा," तो हळू आवाजात म्हणाला, "आता पुरे कर. पुढे पंप आहे. तिथे पीयूसी करूया. पास झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर उद्या त्या माणसाला बोलावतो."

"चालेल!" मी म्हटलं.

"आज नको!" मागून आई ओरडल्या.

"का, आई?"

"आज... आज रविवार आहे."

"रविवारी पंप चालू असतो."

"अमावस्या आहे."

"अहो, परवा तर तुमची चतुर्थी झाली!"

"मला चक्कर येतेय. मला आधी घरी सोड. मग वाटेल तिथे जा."

चंदननं मागे पाण्याची बाटली दिली. मी गाडी पंपात वळवली.

पीयूसीची टपरी पंपाच्या कोपऱ्यात होती. पुढे तीन-चार रिक्षा. आमची पाळी आली तेव्हा तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि म्हणाला, "मॅडम, रेस पकडके रखो." मी पकडून ठेवला. मनात पप्पांना हाक मारली. बाबांनाही मारली. पायपुसण्याच्या भोकाकडे बघितलं आणि म्हटलं, बाबा, आज तेवढं सांभाळा हो.

"फेल," तो माणूस म्हणाला.

"पुन्हा घ्या!"

"मॅडम, फेल है. पेट्रोल जादा जल रहा है."

"मला माहितेय जास्त जळतंय! नवा सेन्सर आहे! एकदाच घ्या परत, प्लीज!"

त्याला दया आली असावी. पुन्हा नळी घातली. मी पुन्हा रेस पकडला. या वेळी जरा जास्तच पकडला. चालत्या गाडीत इंजिनाला वारा लागतो, उभ्या गाडीत लागत नाही. मिनिटभरात बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली. आणि मग तो वास! आता तो नुसता ओळखीचा राहिला नव्हता. नाव-गाव-पत्ता सांगत होता.

मागच्या रिक्षातून एक डोकं बाहेर आलं. "किसका टिफिन खुला है रे?"

पीयूसीवाला टपरीतून बाहेर येऊन नाक वर करून उभा राहिला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "आपका गाडी में से बोंबील का बास आ रहा है." त्यानं आपल्या मशीनकडे बघितलं. मशीनमध्ये बोंबलासाठी रकाना नव्हता.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "धुवाँ! गाडी में धुवाँ!" पंपावर धूर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. रिक्षा भराभर मागे सरकल्या. मी इंजिन बंद करून बॉनेट उघडलं, आणि पंपावरचा एक माणूस वाळूची लाल बादली घेऊन धावत आला. बादली वर उचलली. आता वाळू इंजिनात जाणार, तोच चक्कर आलेल्या माझ्या सासूबाई मागचं दार उघडून बाहेर झेपावल्या आणि दोन्ही हात पसरून बॉनेटच्या पुढे उभ्या राहिल्या.

"खबरदार!" आई कडाडल्या. "आत बोंबील आहेत!"

त्या माणसानं बादली खाली ठेवली.

मी आत वाकून बघितलं. सेन्सरच्या शेजारी, गरम पत्र्याला जवळजवळ चिकटून, जुन्या धोतराच्या फडक्याची एक पुरचुंडी लटकत होती. तिचा खालचा कोपरा करपला होता. आणि ती ज्या वायरला व्यवस्थित निरगाठ मारून बांधली होती, ती वायर होती माझ्या ऑक्सिजन सेन्सरची! पुरचुंडीच्या वजनानं वायरचा प्लग निम्मा बाहेर आला होता. म्हणजे सेन्सर बिचारा जिवंतच होता, फक्त त्याचं म्हणणं पुढे पोहोचत नव्हतं.

"आई! हे कधीपासून?"

"एप्रिलपासून," आई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मॅबेलनं एकदाच भरपूर आणून दिले होते. तू बॉनेट उघडणार म्हणालीस, की मी आधी जाऊन सोडून आणायचे. त्या वायरीचं टोपण निघालेलं असायचं, ते पण नीट दाबून ठेवायचे. कोणाचं काही विस्कटलेलं मला बघवत नाही."

"अहो, पण तुम्हाला बॉनेट उघडता येतं?"

"पंधरा वर्षं बघतेय तुला!"

"पण गाडीत का? आख्खं घर सोडून इंजिनात का?"

आईंनी पदर तोंडाला लावला. "घरात तू नको म्हणालीस. आणि घरात ठेवून करणार काय? समोर ती मोठी बिल्डिंग झाल्यापासून आपल्याकडे ऊन येतं का कुठे? परळला गॅलरीत सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असायचं. मी चटई टाकायची, हे पेपर घेऊन कावळे हाकत बसायचे. इथे सगळ्या घरात मी हात लावून फिरले, क्षितिजा. एक कोपरा गरम नाही. एकदा तू ऑफिसातून आलीस आणि मी सहज गाडीवर हात ठेवला. चांगलं कडक ऊन होतं तिथे."

स्कॅनर लावून मी गाडीचं दुखणं शोधत होते, आणि घरात माणूस ऊन शोधत फिरत होतं ते मला दिसलं नव्हतं. मला रडूच आलं. रिक्षावालेही गंभीर झाले होते. एकानं आईंना बसायला आपली रिक्षा दिली.

पण मग मला चंदनची भीती वाटली. एवढा धूर, एवढी शोभा, वर नापास! मी मागे वळले. चंदन बॉनेटवर वाकला होता. त्यानं पुरचुंडी सोडली, तळाशी भाजला गेलेला एक बोंबील काढला, फू फू करून राख उडवली आणि तोंडात घातला.

"चंदन! अरे, इंजिनातला आहे तो!"

तो चावत राहिला. डोळे मिटलेले. मग डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा भाजायचे अगदी तसाच," तो म्हणाला. "स्टोव्हवर, रविवारी. आई ओरडायची वास येतो म्हणून, मग आम्ही दोघं दार लावून खायचो. तसाच झालाय गं! खाऊन बघ."

मी घाईघाईनं प्लग दाबून बसवला, इंजिन सुरू केलं, दिवा विझवला. ग्राफ नाचायला लागला. "भाऊ, आता घ्या!" नळी आत गेली, आणि गाडी पास! चांगल्या आकड्यांनी पास!

"चंदन, पास! बघ, पास झाली! मी म्हटलं होतं ना, मिश्रण..."

"गाडी राहू दे आपल्याकडे," चंदन दुसरा बोंबील शोधत म्हणाला. "त्या माणसाला मी आताच फोन करून नाही सांगतो."

"अरे, पण पास झालीय, म्हणून ना?"

"हो हो, ते पण."

माझ्या हातातल्या पीयूसीच्या कागदाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. स्कॅनर माझा, ग्राफ माझा, पान्याला लोंबकळले मी, ग्रुपवर लेख लिहिला मी. आणि गाडी वाचवली कोणी? करपलेल्या बोंबलानं! ग्रुपवरचा लेख मी त्या दिवशी घरी गेल्या गेल्या काढून टाकला. रोशनला अजून काही सांगितलेलं नाही. तो गिऱ्हाइकांना माझ्या गाडीचं उदाहरण देतो, देऊ दे.

आता आमच्याकडे नवीन कायदा आहे. बोंबील घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि बरणी गाडीच्या मागच्या काचेखाली. मी गाडी कंपाउंडमध्ये उन्हाच्या बाजूला लावते. आई दुपारी खाली जातात, मागच्या सीटवर बसून बरणी फिरवतात आणि मॅबेलला फोन लावतात. बॉनेटला मात्र हात लावायचा नाही, हे मी तिघांकडूनही कबूल करून घेतलंय, इशिताकडूनसुद्धा. नोंदणी झाली. सगळं सुरळीत चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे, कालपर्यंत. काल संध्याकाळी पिवळा दिवा पुन्हा लागला.

आज सकाळी मी आईंना विचारलं. त्यांनी देवासमोर उभं राहून शपथ घेतली, की बरणी जागेवर आहे, त्यांनी काही केलेलं नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मग चंदनला विचारायला गेले, तर तो घरात नव्हता. कधी नव्हे तो सकाळी सकाळी खाली गेलाय, गाडी पुसायला. फडकं इथेच दोरीवर आहे. जाताना कांदा तेवढा घेऊन गेलाय.